घरच्या गाण्यांची कोठी



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली घालून दिली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमचा शाळेशी संबंध आठवीत सुटला आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. उरलेले रात्री, मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून. तेव्हा चालकांनी 'घरी संगीत ऐकण्यासाठी साठवणीची पेटी कोणती घ्यावी आणि तिच्यावर कोणते सॉफ्टवेअर नेमावे' हा विषय आम्हास दिला, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. युनियनच्या माणसाला या उठाठेवीशी काय कर्तव्य? ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे पोकळ वाटणार नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आम्ही काम करू लागलो तेव्हा प्रत्येक संघटनेला आपले कलापथक असावे असे वाटे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली गेले, पण त्यांच्यामागून फाटकाफाटकावर डफ वाजत राहिला. आमचेही एक लहानसे पथक होते. त्यातला शाहीर रासायनिक कारखान्यात फिटर होता. दुसरी पाळी संपवून तो रात्री साडेअकराला तालमीला येई आणि पहाटेपर्यंत गाई. कोणीतरी टेपरेकॉर्डर आणी. अशा त्रेसष्ट कॅसेटी जमल्या.

खाडीकाठची हवा आपणांस ठाऊक आहे. चार पावसाळ्यांत फितीवर बुरशी धरते. २०११ साली एका तरुण कॉम्रेडने मेहनत करून त्या साऱ्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि एका हार्ड डिस्कवर भरल्या. कार्यालय हलवताना बुरसटलेल्या कॅसेटी आम्हीच टाकून दिल्या. 'आता सारे डिस्कवर आहे' असे म्हणालो. हे वाक्य आमच्या तोंडचे आहे, दुसऱ्या कोणाचे नव्हे. २०१७ साली ती डिस्क कटकट वाजली आणि बंद पडली. दोन ठिकाणी दाखवली. आतली तबकडी खरवडली आहे, असे सांगून दोघांनीही ती परत दिली.

त्याच वर्षी शाहीर वारला. तेराव्याला त्याची मुलगी म्हणाली, "काका, बाबांचा आवाज तुमच्याकडे आहे ना?" आम्ही खाली मान घातली.

पाच महिन्यांनी एक वाट निघाली. तुर्भ्याच्या बाजारात माथाडीचे काम करून पाटण तालुक्यातल्या आपल्या गावी परतलेल्या एका साथ्याने जाण्यापूर्वी बावीस कॅसेटींची नक्कल पेनड्राइव्हवर नेली होती. तेवढी हाती आली. शाहिराचा आवाज त्यांत होता. उरलेल्या एकेचाळीस कॅसेटी कायमच्या गेल्या. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास धरला.

आता कोणी विचारील, गाणी फोनवर मिळतात, मग घरी साठवायची कशाला? आम्हीही फोनवर ऐकतो. त्यात पाप नाही. परंतु ते भाड्याचे घर आहे. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले. रेसो आपल्या देशातून जानेवारी २०२४ मध्ये उठले. विंक म्युझिक बंद होणार हे त्याच वर्षी जाहीर झाले. लोकांनी तिथे वर्षानुवर्षे लावलेल्या याद्यांचे घर मोडले. शिवाय जे गाणे बाजारात कधी आलेच नाही, आजीची ओवी, गावच्या भजनी मंडळाचा गजर, आगरी-कोळी लग्नातले धवले, ते कोणती कंपनी ठेवणार? आणि ज्याला 'क्लाउड' म्हणतात ते आकाशात नाही. ऐरोली, रबाळे, महापे येथे ज्या पट्ट्यात एके काळी पाळीचे भोंगे वाजत, तिथेच आज डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. ढग आपल्या शेजारीच आहे, पण त्याची किल्ली आपल्याकडे नाही.

म्हणून घरची पेटी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नॅस' म्हणतात. एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतील असा हा लहान संगणक तारेने राउटरला जोडायचा. मग घरातला फोन, टीव्ही किंवा स्पीकर तिच्याकडून गाणे मागवून घेतो. तयार पेटी विकत मिळते. नाहीतर माळ्यावरच्या जुन्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांसारखी मोफत प्रणाली चढवूनही ती घडवता येते.

ती किती मोठी घ्यावी? हिशेब करू. फ्लॅक नावाच्या पद्धतीत आवाजाचा काही भाग न गमावता फाइल लहान होते. सीडीच्या दर्जाचे तासभर संगीत तीत ढोबळ मानाने ३५० मेगाबाइट जागा घेते. घरात ५०० कॅसेटी आणि ३०० सीडी आहेत, प्रत्येक तासाभराची, असे धरा. ८०० तासांना सुमारे २८० गिगाबाइट लागतील, म्हणजे एका टेराबाइटचा तिसरा हिस्साही नाही. दुकानदार आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्क पुढे करील, त्याला नमस्कार करावा. जोरकस प्रोसेसरचीही गरज नाही. चित्रपट फोनला झेपेल अशा रूपात बदलताना यंत्राला घाम फुटतो, पण सीडीच्या दर्जाचे गाणे सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट मागते. हातावर मावणारा रास्पबेरी पायसुद्धा हे काम करतो. विजेचे म्हणाल, तर सरासरी १५ वॅट खाणारी पेटी अहोरात्र चालली तर वर्षाला सुमारे १३० युनिट होतात. आणि वीज एकाएकी जाते तेव्हा डिस्कला धक्का बसू नये म्हणून लहानसा यूपीएस जोडावा. ती चैन नव्हे.

दोन डिस्कच्या पेटीत एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते अशी सोय असते. तिला आरसा म्हणा. पुष्कळांची समजूत असते की आरसा म्हणजे सुरक्षित प्रत. एक डिस्क मेली तर दुसरी चालू राहते, हे खरे. पण चुकून गाणे पुसले तर आरशातलेही त्याच क्षणी पुसले जाते. पेटी चोरीस गेली, पुरात बुडाली, तर आरसाही गेला. म्हणून जाणकारांचा नियम असा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. आम्हास हा नियम पुस्तकात सापडण्यापूर्वी पाटण तालुक्याने शिकवला होता. तेव्हा दोन पेट्यांचे पैसे एका भारी पेटीत घालू नका. साधी पेटी घ्या आणि उरलेल्या पैशांची एक सुटी डिस्क गावी भावाकडे ठेवा.

आता सॉफ्टवेअर. आमच्या धंद्यात एक रीत आहे. मालकाने कराराचा मसुदा पुढे ठेवला की नवखा पगारवाढीचे कलम आधी वाचतो. जुना कार्यकर्ता मागून वाचायला लागतो: मुदत कधी संपते, संपल्यावर काय, मोकळे कसे होता येते. गाण्यांचा कारभारी नेमताना आम्ही हीच रीत धरली. तो किती सुरेख दिसतो हे मागाहून. आधी, उद्या तो बदलला, विकला गेला किंवा मेला, तर आमची गाणी आमच्याकडे जशीच्या तशी राहतील काय?

एक दाखला घ्या. स्लिम डिव्हायसेस नावाची कंपनी घरात गाणी पोचवणारी यंत्रे करी. २००६ साली ती लॉजिटेकने घेतली. २०१२ साली लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे यंत्र बंद केले आणि २०२४ साली त्याची ऑनलाइन सेवाही मिटवली. यंत्रे भंगारात जायची. पण त्यांच्या सर्व्हरचा मूळ मजकूर पहिल्यापासून खुला होता. वापरणाऱ्यांनी तो उचलला, आणि आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालतो. यंत्रे वाजत आहेत. दुसरा दाखला जेलीफिनचा. एम्बी नावाच्या सर्व्हरने आपला मजकूर झाकला तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात काही जणांनी जुन्या खुल्या मजकुरावरून जेलीफिन उभा केला. हे जमले, कारण सुटकेचे कलम आधीच लिहिलेले होते.

निवडीचा आमचा निर्वाळा असा. केवळ गाणीच असतील आणि ती फोनवर ऐकायची असतील तर नेव्हिड्रोम. तो खुला आणि मोफत आहे, अगदी लहान यंत्रावर चालतो, आणि त्याच्याशी बोलणारी फोनवरची ॲप पुष्कळ आहेत. घरातल्या दोन-तीन खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी वाजवायचे असेल तर लिरियन. गाण्यांबरोबर लग्नाच्या चित्रफितीही असतील तर जेलीफिन. प्लेक्स देखणा आहे, पण त्यात शिरायला सामान्यतः त्या कंपनीचे खाते लागते. आपल्या घरच्या कोठीला बाहेरचा दरवान कशाला, हा आमचा आक्षेप.

पेटीलाही हाच न्याय. २०२५ साली सायनॉलॉजी कंपनीने आपल्या काही नव्या पेट्यांत स्वतः मान्य केलेल्या डिस्कच वापरण्याची अट घातली. गिऱ्हाइकांत फार नाराजी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिने ती अट सैल केली. तेव्हा घेण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावे. कोणत्याही कंपनीची डिस्क चालेल काय? आणि तुमच्या सॉफ्टवेअरखेरीज दुसरे चढवता येईल काय? उत्तर गुळमुळीत आले तर पुढच्या दुकानी जावे.

आणि कोठीचे दार थेट रस्त्याकडे उघडू नये. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या हल्ल्याने इंटरनेटकडे उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांतल्या फायलींना कुलपे घातली आणि खंडणी मागितली. बाहेरगावाहून ऐकायचे तर वायरगार्डसारखी खासगी वाट करून घ्यावी.

शेवटचे काम यंत्राचे नाही. नेव्हिड्रोमसारखा कारभारी फायलीत लिहिलेल्या माहितीवरूनच मांडणी करतो. माहिती नसेल तर सारे 'अनामिक कलाकार' या एका खणात पडते. आम्ही बावीस कॅसेटी चढवल्या तेव्हा पडद्यावर असेच दिसले. ज्या माणसांनी जन्मभर नावाविना काम केले, त्यांची गाणीही नावाविना! तेव्हा जुन्या साथ्यांना बोलावले. दर रविवारी चारजण बसत, आणि ढोलकीच्या थापेवरून 'हा अमका', झिलकऱ्याच्या आवाजावरून 'हा तमका' असे ओळखत. गाणारा, रचणारा, वाजवणारा, जागा, साल, सारे देवनागरीत फायलींतच भरले, म्हणजे उद्या कारभारी बदलला तरी नावे गाण्यांबरोबर जातील. सात महिने लागले. त्या चौघांपैकी दोघे आज नाहीत. पेटी पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल. विचारायची माणसे पुढच्या वर्षी असतीलच असे नाही.

शाहिराच्या मुलीकडे आता तिची स्वतःची प्रत आहे, आमच्या पेटीवर अवलंबून नसलेली. मागल्या दिवाळीला तिचा फोन आला. म्हणाली, "काका, तिसऱ्या गाण्यात मधेच कोणीतरी खोकतं. ती आई आहे." आम्ही तेही फाइलीत लिहून ठेवले.