कानपूरच्या भंगारातली लिबरेटर



सुरतच्या भेस्तान, पांडेसरा, उधना या यंत्रमागांच्या पट्ट्यात जुन्या यंत्राला सहसा मरण नसतं. एक लूम मोडला, की त्याचे धड भाग दुसऱ्याला बसवून देणारा फिटर गल्लीत सापडतोच. आज ज्या विमानाबद्दल बोलायचं आहे, तेही असंच वाचलं.

बी-24 लिबरेटर. चार इंजिनं, 110 फूट पंख. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ही बॉम्बफेकी विमानं 18,000 हून जास्त बांधली. आज त्यातली मोजकीच उरली आहेत. ती शोधायला निघालं, की कॅनडातलं ओटावा, अमेरिकेतलं टक्सन, ब्रिटनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम असा फेरा होतो आणि माग वळून येतो कानपूरला.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर तिथं टाकून दिली. ती अमेरिकेकडून युद्धकाळातल्या उसनवारीच्या करारावर घेतलेली. ठेवायची तर पैसे मोजा, नाहीतर परत करा किंवा निकामी करा, अशी अट होती. ब्रिटिशांनी निकामी करायचा मार्ग धरला: घण घातले, इंजिनांत वाळू ओतली. काम मन लावून केलं, पण पुरतं केलं नाही!

1948 मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसं त्या ढिगाऱ्यात शिरली. एकाचं इंजिन, दुसऱ्याचं शेपूट, असं जुळवत विमानं उडण्यापुरती उभी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळूरला घेऊन जात. पक्की दुरुस्ती तिथं व्हायची. असलं विमान कानपूरहून बंगळूरपर्यंत नेणं म्हणजे काय, याचा नुसता विचार केला तरी पोटात गोळा येतो. त्याच वर्षी भारतीय हवाई दलाची 5 क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. पुढं पुण्याच्या लोहगावला 6 क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांतून समुद्रावर टेहळणी करू लागली. 1968 अखेर ही विमानं निवृत्त झाली. अमेरिकेनं आपली लिबरेटर केव्हाच मोडीत काढली होती.

मग जगाला आठवण झाली. ओटावाला 1968 मध्ये एक गेलं, टक्सनला 1969 मध्ये, ब्रिटनला 1974 मध्ये. एक तर 1980 च्या दशकात सुटं करून मालवाहू विमानाच्या पोटातून इंग्लंडला नेलं. तिथून ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं घेतलं आणि 1989 मध्ये पुन्हा उडवलं.

परदेशी गेलेल्या या विमानांना बहुधा त्या त्या देशाचे युद्धकाळातले रंग दिले गेले. आपल्या हवाई दलाची गोल खूण पुसली गेली. संग्रहालयांची अडचण समजते, पण मला हे खटकतं. अमेरिकेच्या वा ब्रिटनच्या सेवेत या विमानांनी काढली त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं इथल्या नोकरीत गेली. ती खूण अंगावर असलेलं लिबरेटर बघायचं, तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावं.