झांकलेले कागद, उघडा हिशेब



वैद्यापासून दुखणें लपवूं नये, असें आपल्याकडे वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. रोगी मोकळेपणानें बोलतो तो एका विश्वासावर. सांगितलेलें त्या चार भिंतींबाहेर जाणार नाहीं, हा तो विश्वास. परंतु अनेकांचीं दुखणीं एकत्र पाहिल्यावांचून वैद्यकशास्त्र वाढत नाहीं. एका डॉक्टराच्या हातून एका औषधाचे शेंदोनशें रोगी जातात; दहा हजारांत एकाला होणारा अपाय त्याच्या दृष्टीस कसा पडावा? गुपित राखावें कीं ज्ञान वाढवावें, असा हा पेंच आहे. तो सोडविण्याचा एक मार्ग अनेक देशांतील संशोधकांनीं मिळून काढला आहे. त्याविषयीं आज दोन शब्द सांगणार आहें.

कागदावरील नांव खोडलें म्हणजे झालें, असें कोणासही प्रथम वाटेल. पण तेवढ्यानें भागत नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें सरकारी नोकरांच्या औषधोपचारांची माहिती, नांवें-पत्ते काढून, संशोधनासाठीं दिली होती. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनें १९९७ च्या सुमारास केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरांस विकत घेतली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड त्या शहरांत राहत. त्यांची जन्मतारीख असलेलीं माणसें यादींत सहा निघालीं. त्यांत पुरुष तीन. आणि गव्हर्नरांच्या टपालविभागांत राहणारा एकच! खोडलेल्या नांवाआडून माणूस उभा राहिला.

मग कागद हलवावेच कशाला? मी जन्मभर शाळामास्तर. म्हणून शाळेचाच दाखला देतों. जिल्ह्यांतील मुलांचें गणित कसें आहे हें पाहावयाचें, तर सगळ्या शाळांच्या उत्तरपत्रिका गाडींत भरून नेण्याचें कारण नाहीं. प्रश्न आणि गुण देण्याचा नियम सर्वांस सारखा पाठवावा. हेडमास्तरांनीं उत्तरपत्रिका शाळेंतच तपासाव्या आणि गोषवारा तेवढा कळवावा. २०१४ सालीं स्थापन झालेली ‘ओडिसी’ ही संशोधकांची संघटना नेमकें हेंच करते. तिचें समन्वय-केंद्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आहे. सभासद मात्र जगभर आहेत, आणि कोणासही त्यांत येऊन काम करतां येतें. संशोधनाचा प्रश्न संगणकाच्या प्रोग्रॅमच्या रूपानें प्रत्येक संस्थेकडे जातो आणि तेथल्याच संगणकावर चालतो. बाहेर येते ती बेरीज. एकाद्या रकान्यांत तीनचारच माणसें निघालीं, तर तो आंकडाही झांकतात.

हें सांगावयास सोपें, चालविण्यास अवघड. पहिली अडचण भाषेची. एकाच हृदयविकाराच्या झटक्याला एका देशांत एक सांकेतिक अंक, दुसऱ्यांत दुसरा. म्हणून प्रत्येक संस्थेला आपलें दफ्तर एका ठरलेल्या सांच्यांत बसवावें लागतें आणि प्रत्येक स्थानिक संज्ञेस सर्वमान्य संज्ञा जोडावी लागते. हें काम चिकाटीचें; त्यांत कीर्ति मुळींच नाहीं. दुसरी अडचण कायद्यांची. देशोदेशींचे नियम निराळे. म्हणून ज्याचे कागद त्याचा अधिकार, हें तत्त्व ठरलेलें आहे. कोणत्या अभ्यासांत भाग घ्यावयाचा, हें ती ती संस्था ठरविते.

तिसरी अडचण मनुष्यस्वभावाची. उत्तर मनासारखें आलें नाहीं, तर रीत बदलून पाहण्याचा मोह विद्वानांसही होतो. यास उपाय म्हणून अभ्यासाची योजना आधींच जाहीर करतात आणि प्रोग्रॅम सर्वांस पाहण्यास खुला ठेवतात. शिवाय एक युक्ति आहे. रक्तदाबाच्या औषधानें जें होण्याचा संभव नाहीं, उदाहरणार्थ नख मांसांत वाढणें, अशा तक्रारींचीही तुलना करतात. तेथेंही फरक दिसला, तर दोष औषधाचा नसून हिशेबाचा, हें कळून येतें.

या खटाटोपाचें फळ काय? रक्तदाबासाठीं लघवी वाढविणाऱ्या दोन जुन्या गोळ्या आहेत. क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. पहिलीकडे अनेक तज्ज्ञांचा ओढा होता. २०२० सालीं या मंडळींनीं सात लाखांहून अधिक रोग्यांच्या नोंदींवरून सांगितलें कीं, हृदयविकार व पक्षाघात टाळण्यांत दोघींत फरक दिसत नाहीं. मात्र पहिलीनें रक्तांतील पोटॅशियम अधिक वेळां उतरतें. पुढें अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १३,००० हून अधिक रोग्यांवर, जणूं चिठ्ठ्या टाकून औषधें वांटून, प्रयोग झाला. २०२२ मध्यें त्याचा निकाल आला. तो याच दोन्ही गोष्टी सांगणारा होता.

उलट बाजूही पाहूं. मे २०२० मध्यें ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकांत ६७१ रुग्णालयें आणि ९६,०३२ रोगी यांच्या आधारें एक लेख आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननें कोविडच्या रोग्यांचे मृत्यु वाढतात, असा त्याचा आशय. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या प्रयोगाचा तेवढा भाग लागलीच थांबविला. आंकडे सर्जिस्फियर नांवाच्या कंपनीचे होते. हीं रुग्णालयें कोणतीं, असें संशोधक विचारूं लागले. त्रयस्थ परीक्षक नेमले, तर कंपनीनें गुप्ततेचें कारण सांगून मूळ नोंदी दाखविल्या नाहींत. अखेर ४ जून रोजीं लेख मागें घेण्यांत आला.

त्याच वर्षीं ओडिसीच्या मंडळींनींही त्या औषधाचा अभ्यास केला. सहा देशांतील संधिवाताच्या रोग्यांच्या जुन्या नोंदींवरून. औषध एकटें थोडे दिवस घेतल्यास धोका वाढलेला दिसला नाहीं; ॲझिथ्रोमायसिनच्या जोडीनें मात्र हृदयविकारानें होणारे मृत्यु वाढलेले दिसले. येथेंही रोग्यांचे कागद कोणी पाहिले नाहींत. पण नोंदींचे संग्रह कोणते, योजना काय, प्रोग्रॅम कोणता, हें सारें उघड होतें. गुप्तता रोग्याची असावी, संशोधकाच्या हिशेबाची असूं नये, हा या दोन कथांतील भेद आहे.

या पद्धतींतही उणीव आहे. ज्या रुग्णालयांत केसपेपर अजून कागदावरच आहेत, तेथील रोगी या बेरजेंत येत नाहींत. आणि असे रोगी बहुधा गरिबांतलेच. इतरांच्या बेरजेवरून काढलेला नियम त्यांना लागू पडेलच, असें म्हणतां येत नाहीं.

आपल्या देशांत खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सांगितलें आहे. हक्क आहे म्हणून माहिती कोणासच देऊं नये, असें मी म्हणणार नाहीं. आपल्या दुखण्याच्या नोंदीनें उद्यां परक्याचा जीव वांचूं शकेल. मात्र संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. माझे कागद कोठें राहणार? बाहेर काय जाणार? आणि हिशेब कोणाला तपासतां येणार? या तिहींचीं सरळ उत्तरें मिळालीं, तर खुशाल सही करावी.