फळ्यावरचं गणित

मी कविता लिहितो, कलाशाखेचा पदवीधर आहे आणि आज चक्क गणितावर बोलणार आहे. तुम्ही हसलात तरी इथं स्टुडिओत मला ते ऐकू येणार नाही, तेवढा एक फायदा आहे.

दहावीत असताना सरांनी मला भूमितीतलं एक प्रमेय सोडवायला फळ्यापाशी उभं केलं. हातात खडू, पाठीमागे सगळा वर्ग. तिसऱ्या ओळीवर मी अडकलो. सर म्हणाले, "बस खाली. हे तुझ्या डोक्याचं काम नाही." मी बसलो तो कायमचाच. मराठीच्या प्रेमापोटी कलाशाखेकडे गेलो, असं मी मुलाखतींतून सांगत आलो. ते खोटं नाही, पण निम्मं कारण तो फळा होता.

पुढं चित्रपटात कुणी आकडे लिहिलेल्या फळ्यापुढं उभं राहिलं की मी मनातल्या मनात हात जोडायचो. ही सवय मोडली माझ्या भाचीनं. ती गणितात एम.एस्सी. करते. सुट्टीत आली की आम्ही मिळून चित्रपट बघतो आणि फळा दिसला की ती रिमोट हातात घेते. "मामू, थांबा जरा. हे बरोबर आहे का बघू."

'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९चा चित्रपट. त्यातल्या बुजगावण्याला मेंदू हवा असतो. जादूगार त्याला मेंदूऐवजी पदवीचा कागद देतो आणि तो लगेच त्रिकोणाचा एक सिद्धांत ठणकावून सांगतो. भाषा पायथागोरसच्या थाटाची, पण काटकोन त्रिकोणाच्या जागी समद्विभुज आणि वर्गांच्या जागी वर्गमुळं! कोणत्याही दोन बाजूंची वर्गमुळं मिळवली की तिसरीचं मिळतं, असा त्याचा दावा. भाचीनं ९, ९ आणि ४ अशा बाजू घेतल्या. वर्गमुळं ३, ३ आणि २. तीन आणि दोन पाच, उरलं तीन. संपला सिद्धांत. पदवी हातात पडताच माणूस चुकला, याचं मला बी.ए. असल्यामुळं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

'अ ब्यूटिफुल माइंड' या २००१च्या चित्रपटातली चूक मात्र जिव्हारी लागणारी आहे. चित्रपट जॉन नॅश यांच्यावर. १९९४चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं, त्यातली मुख्य कल्पना म्हणजे समतोल: प्रत्येकानं आपापली चाल ठरवल्यावर, बाकीचे तसेच राहिले तर एकट्यानं चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. चित्रपटात ही कल्पना नॅशना एका बारमध्ये सुचते. सगळ्या मित्रांनी सर्वांत सुंदर मुलीचा नाद सोडावा आणि तिच्या मैत्रिणींकडे वळावं. पण सगळे तसे वळले, तर त्यातला कुणीही एकटा उठून त्या सुंदरीकडे जाईल आणि त्याचाच फायदा होईल! म्हणजे हा नॅशचा समतोल नव्हेच. माणसाच्या नावाचा चित्रपट आणि त्याचीच कल्पना चुकीची.

मग आम्ही 'गुड विल हंटिंग' लावला, १९९७चा. एमआयटीसारख्या नामांकित संस्थेत फरशी पुसणारा तरुण कॉरिडॉरमधल्या फळ्यावरचं कोडं सोडवतो. प्राध्यापक म्हणतात, ते सिद्ध करायला आम्हाला दोन वर्षांहून अधिक लागली. मी नेहमीप्रमाणे मनात हात जोडले. भाचीनं चित्र थांबवलं, पाठकोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "हे तुम्ही करा."

कोडं ऐका. दहा ठिपके रेघांनी जोडायचे. सगळे जोडलेले हवेत, पण कुठंही बंद वळसा व्हायला नको. आणि कुठल्याही ठिपक्यापाशी बरोब्बर दोन रेघा नकोत. एक चालेल, तीन किंवा जास्त चालतील. अशा वेगवेगळ्या आकृत्या किती? बस्स, इतकंच. यात ना अवघड चिन्हं, ना सूत्रं.

अर्धा तास मी नुसते ठिपके मांडत आणि खोडत बसलो. मग मात्रांचे गट पाडतो तसे गट पाडले. काही ठिपके टोकाचे, एकाच रेघेचे, काही आतले. आतला ठिपका एकच असेल तर एक आकृती, भोवती नऊ किरण असलेल्या चांदणीसारखी. आतले दोन असतील तर तीन. तीन असतील तर पाच आल्या, चार असतील तर दोन. पाच ठिपके आत बसवताच येत नाहीत, रेघा पुरत नाहीत. हे कळलं तेव्हा मी एकदम मोठ्यानं ओरडलो आणि बहीण आतून काय झालं म्हणून धावत आली.

एकूण अकरा. भाची म्हणाली, "एक दोनदा आली आहे. शोधा." पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी कागद उलटा धरला तेव्हा दिसलं. पाच रेघांचा ठिपका डावीकडे काढला काय नि उजवीकडे काढला काय, आकृती एकच. राहिल्या दहा. उत्तर बरोबर होतं.

फळ्यावरचं ते गणित अचूकच होतं. दोन वर्षांचा धाक तेवढा खोटा. जेवणाच्या टेबलावर, एका संध्याकाळी, चहाच्या दोन कपांत ते सुटलं होतं. दहावीतल्या त्या तिसऱ्या ओळीवर आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर, असं क्षणभर मनात येऊन गेलं.

चित्रपट पुढं सुरू झाला. तो तरुण भराभर आकृत्या काढतो, तेवढ्यात प्राध्यापक त्याला पाहतात आणि काम अर्धवट टाकून त्याला जावं लागतं. भाचीनं फळ्यावर बोट ठेवून मोजलं.

"मामू, त्यानं आठच काढल्या," ती म्हणाली. "तुमच्या दोन जास्त आहेत."