पाळी गेल्यानंतरचे मन



मुळशीच्या खाचरात भातलावणी करणारी, पन्नाशीच्या आतबाहेरची बाई एकाएकी घामाघूम होते, रात्री तीनदा उठते, ठेवलेली किल्ली विसरते आणि सुनेवर डाफरते. घरचे म्हणतात, ‘हिचा स्वभावच बिघडला.’ आमचे म्हणणे असे की, स्वभाव बिघडलेला नाही. तिची पाळी जात आहे. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७व्या वर्षी घडते.

या वयात अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन आटते. मेंदूतील उष्णता राखणारे केंद्र त्यामुळे चंचल होते, अंगातून वाफा निघतात, झोप मोडते. झोप मोडली की मन चिडते, लक्ष लागत नाही. आणि लक्षच नसेल तर आठवण कोठून राहणार? हे विस्मरण बहुधा तात्पुरते असते. तो बुद्धिभ्रंशाचा आरंभ नव्हे.

मग आटलेले इस्ट्रोजेन गोळीने परत द्यावे काय? ६५ वर्षांपुढील सुमारे साडेचार हजार अमेरिकन स्त्रियांवरील चाचणीचा निकाल २००३ साली आला. निम्म्या जणींना इस्ट्रोजेनसह दोन संप्रेरके दिली, निम्म्या जणींना औषध नसलेली गोळी. पुढे ६१ जणींना स्मृतिभ्रंश जडला. त्यांतील ४० औषध घेणाऱ्या होत्या! उलट, नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांच्या २०१५ मधील चाचणीत स्मृती सुधारली नाही, बिघडलीही नाही. पोटात घेण्याच्या गोळीने उदासी व चिंता मात्र थोडी उतरली. तात्पर्य, ही स्मरणशक्तीची गोळी नव्हे. वाफा आणि मोडलेली झोप यांवर, वेळेवर व वैद्यकीय सल्ल्याने घेतल्यास, ती उपयोगी पडते.

परंतु काहींची पाळी निसर्गाने जात नाही, शस्त्राने जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर जे वर्षानुवर्षांत घडावयाचे ते एका रात्रीत घडते. अमेरिकेतील २००७ च्या एका अभ्यासात अशा तरुण स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. ज्यांना निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळाले, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. म्हणजे ज्यांना या औषधाची खरी गरज, त्यांच्याशीच त्याविषयी बोलण्यास कोणी नाही!

म्हणून आमची एकच विनंती. घरातील कोणाची पिशवी काढावयाची ठरली, तर आधी विचारा, ‘हे खरोखर आवश्यक आहे काय? अंडाशये राहणार की जाणार?’ ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी दवाखान्याचा कागद शोधून डॉक्टरांस दाखवावा. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांस हे औषध सहसा देत नाहीत, हेही ध्यानात असावे.

आणि बंधूंनो, घरी गेल्यावर तिला एवढे तरी विचारा, ‘रात्री झोप लागते का?’ उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.