तेराव्यानंतर जा

समाचाराला कसं जायचं हे तुम्हाला मी सांगायला नको. तेरावा होईपर्यंत आपल्याकडे घर एकटं पडत नाही. शेजारून पिठलंभात येतो, दारात चपलांचा ढीग असतो. माझं म्हणणं आहे ते चौदाव्या दिवसापासूनचं. तेव्हा जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या.

आपण नेमकं उलटं करतो. ‘विषय नको, पुन्हा रडतील’ म्हणून पावसापाण्याचं बोलून उठतो. अहो, जिचा नवरा गेला त्या माउलीच्या मनात दुसरं आहे काय? टीव्हीवर चष्मा तसाच, गोळ्यांच्या डबीत शनिवारचा कप्पा भरलेला. ‘काकांच्या गोळ्यांची आठवण तुम्हीच ठेवायचात ना?’ एवढंच विचारा. त्या तासभर बोलतील. रडतीलही. रडू द्या, उठू नका.

पावसाळ्यात ओली साडी घडी करून कपाटात ठेवली तर काय होतं? वरून नीटनेटकी दिसते, पण चार दिवसांत कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. दुःखही दांडीवरच टाकावं लागतं. श्रावणातलं ऊन ते. वाळायला वेळ लागणारच. सारखा हात लावून ‘अजून ओलीच?’ म्हणू नये. आणि जरीची साडी कुणी पिळतं का? ‘आता सावरा’ म्हणणं हे ते पिळणं आहे.

न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले. रमाबाईंनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पतीच्या आठवणींचं पुस्तक 1910 साली प्रसिद्ध केलं. काम चालू होतं, आठवणीही चालू होत्या. आपण मात्र नवव्या आठवड्यातच विचारतो, ‘अजून त्यातच?’

म्हणून पुन्हा सांगते: तेराव्यानंतर जा, नाव घ्या. बँकेत, पेन्शनच्या कचेरीत मृत्यूचा दाखला घेऊन त्या माउलीला एकटीनं उभं राहावं लागतं. तिथं सोबत जा.

मुलांविषयी बोलायचं राहिलंच. ‘आजोबा झोपलेत’ असं त्यांना सांगू नका, मग ती झोपायला घाबरतात. वारले, आता परत येणार नाहीत, असं सरळ सांगा. आणि घरात कुणाचंही महिनोन् महिने जेवणझोप, काम काहीच रुळावर येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक 14416. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा.