रायफल अंगाला बसवताना



१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. तो सामना टीव्हीवर पाहणाऱ्या अनेकांना एक प्रश्न पडला असेल. ही कसली रायफल? लाकडी दस्ता नाही, सगळीकडे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, स्क्रू, मागे खांद्याशी वाकडा आकडा. हे सगळं कशासाठी असतं, ते आज सांगायचं आहे. कारण आपल्याकडे पुष्कळ मुलंमुली रायफल हातात घेतात, पण ती अंगाला बसवून घ्यायला फार थोड्यांना शिकवलं जातं.

या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभ्याने गोळ्या झाडायच्या असतात. दहाचं वर्तुळ ५० मीटरवर, त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. नेम धरायला रायफलवर पुढे आणि मागे साइट असतात, त्यांच्यातलं अंतर ८० सेंटिमीटर धरा. त्या दोघींची रांग मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी बिघडली, तरी गोळी सहा मिलिमीटरांहून जास्त सरकते. गोळीच्या छिद्राची कड वर्तुळाला लागली तर दहा गुण वाचतात. पण फायनलमध्ये दशांशही मोजतात, आणि पदकं तिथेच ठरतात.

मग डोळा प्रत्येक गोळीला साइटमागे त्याच जागी यायला हवा. तो आणायचा कोणी? मानेने आणायचा म्हटलं तर पहिल्या काही गोळ्यांना जमतं. पुढे मानेचे स्नायू थकतात, डोकं नकळत खाली येतं, आणि नेमबाजाला वाटतं आपलं लक्ष उडालं. लक्ष उडालेलं नसतं, चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा आधार, खाली असतो. म्हणून माझं ठाम मत आहे, रायफल डोक्याकडे यायला हवी, डोकं रायफलकडे जाता कामा नये.

सुरुवात स्क्रूपासून करायचीच नाही. आधी पोझिशन. उभ्याने नेम धरताना पाय, कंबर, हाडावर टेकलेलं डावं कोपर, मागे कललेली पाठ, हे सगळं रायफलशिवाय जुळवून पाहावं. हेही जॅकेट घालूनच, कारण नेमबाजीचं जाड जॅकेट खांद्याची जागा बदलतं. टी-शर्टमध्ये घेतलेलं माप मैदानावर खोटं पडतं. मग बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. तिची लांबी आणि उंची जुळवायची. उभ्याने मान सरळ राहावी म्हणून रायफल उंच हवी, त्यासाठी बट प्लेट खाली उतरवतात. प्लेटचा पूर्ण भाग खांद्याला लागला पाहिजे, नुसता वरचा कोपरा नव्हे. लांबी कमी असेल तर नाक मागच्या साइटजवळ जातं, जास्त असेल तर नेमबाज मान पुढे ताणतो.

चीकपीसची गोष्ट सगळ्यात नाजूक. गालावर डोक्याचं वजन मोकळेपणाने सोडता आलं पाहिजे. तपासायची रीत सोपी आहे. डोळे मिटा, रायफल धरा, गाल टेकवा, श्वास सोडा आणि मग डोळे उघडा. मागच्या साइटचं छिद्र, पुढची नळी, तिच्यातलं कडं आणि काळं निशाण, ही चारही वर्तुळं एकाच केंद्राभोवती दिसली तर ठीक. डोळा भुवईखालून वा नाकाच्या कडेने पाहत असेल, तर चीकपीस वरखाली किंवा आतबाहेर करायचा. डोकं फार कललं की कानातलं तोल सांभाळणारं इंद्रियही गोंधळतं, आणि उभ्याने शरीर जास्त डोलतं.

ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, शेवटी. तर्जनी चापावर सरळ मागे यावी आणि दस्त्याच्या बाजूला घासू नये, एवढं पाहिलं की पुरे.

एका वेळी एकच बदल करा. मिलिमीटरभर हलवा, दहा गोळ्या झाडा, वहीत लिहा. दोन स्क्रू एकदम फिरवले तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. शिवाय बसून, झोपून, उभं राहून शरीराची रचना तीन प्रकारची होते, म्हणून एकाच रायफलची मापंही तीन. सामन्यात ठरावीक मिनिटांत ती बदलावी लागतात. त्यासाठी पट्टीवरचे आकडे किंवा स्वतः काढलेल्या बारीक खुणा असल्याच पाहिजेत.

कोल्हापूरने आपल्याला स्वप्नीलच्या आधी तेजस्विनी सावंत दिल्या. २०१० मध्ये म्युनिकला त्या प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. त्यांच्याकडे पाहून मुलं मैदानावर येतात हे फार चांगलं. पण विजेत्याच्या रायफलचे फोटो मोठे करून त्यातली मापं जशीच्या तशी उतरवणं मला पटत नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखं आहे ते. हाताची लांबी, मानेची लांबी, गालाचं हाड, छातीची रुंदी, सगळंच वेगळं.

अनेक क्लबांत चार-पाच मुलं मिळून एक रायफल वापरतात. नवी रायफल लाखोंची, त्यामुळे हे चालायचंच. पण मग सकाळच्या मुलाने सोडलेल्या मापावर दुपारची मुलगी सराव करते, वाकडी उभी राहायला शिकते, आणि वर्षभराने पाठ दुखते म्हणून खेळ सोडते. हे थांबवायला पैसा लागत नाही. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा. त्यावर तिन्ही पोझिशन्समधली बट प्लेट, चीकपीस आणि हँडस्टॉपची, म्हणजे पुढच्या हाताला अडवणाऱ्या भागाची, मापं लिहा, आणि सरावाआधी पाच मिनिटं स्क्रू फिरवायची अ‍ॅलन की त्याच्याच हातात द्या. वाढत्या वयातल्या मुलांची मापं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्या, कारण हात लांब झालेला मुलाच्या लक्षातही येत नाही. आणि स्पर्धेच्या आठवड्यात मात्र कार्डावरची मापं बदलायला एकही स्क्रू फिरवू नका, प्रशिक्षकांनीसुद्धा.