जवानाची क्वार्टर आणि आपण



आपल्या बैठकांत एक प्रश्न नेहमी येतो. झोपडपट्टीतल्या बाईला साधे छप्पर नाही आणि सरकार सैनिकांच्या क्वार्टर्सवर कोट्यवधी रुपये खर्च करते, हे बरोबर आहे का? प्रश्न रास्त आहे. पण दोन गरजू बायकांना एकमेकींसमोर उभे करून त्याचे उत्तर मिळणार नाही.

आधी ही नोकरी कशी आहे ते पाहू. जवानाची बदली हुकमाने होते. ‘नाही’ म्हणायची सोय नाही. राज्यघटनेच्या कलम ३३ च्या आधारे १९५० च्या सैन्य कायद्याने त्याच्या संघटना करण्याच्या हक्कावरही बंधने घातली आहेत. गिरणी कामगार घरासाठी मोर्चा काढू शकले, जवान काढू शकत नाही. जो मालक कामगाराला मागणीच करू देत नाही, त्याने घराची जबाबदारी आपणहून घेतली पाहिजे. यात उपकार कसला?

या नोकरीचा निम्मा भार बाई उचलते. नवरा फील्डवर असला की बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. पीस स्टेशन मिळाले तरी क्वार्टरसाठी नंबर लावून बसायचे. घरभाडे भत्ता आहे, पण एकट्या बाईला खोली देताना घरमालक दहा प्रश्न विचारतो. मग राहते सासर. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. गावाला त्याचा अभिमान आहे. पण अशा गावांतून शेत, गुरे, म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या बायकांच्या श्रमाचा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात येतो?

२००२ साली केंद्र सरकारने तिन्ही दलांतील विवाहितांसाठी सुमारे दोन लाख घरे टप्प्याटप्प्याने बांधायचे ठरवले. काम ठरल्यापेक्षा फार रेंगाळले. हा खर्च योग्यच आहे, आणि तो वेळेवर झाला पाहिजे.

मात्र त्यासोबत आपलेही काही म्हणणे आहे. क्वार्टर नवऱ्याच्या नोकरीला बांधलेली असते. तो गेला, तर विधवेला ठरावीक मुदतीनंतर ती सोडावी लागते. त्याने टाकले, तर परित्यक्ता मुलांसह रस्त्यावर येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. सैन्य कायद्यातही बायकोच्या पोटगीसाठी पगारातून कपात करता येते. म्हणजे सरकारला बायको दिसते, पण घरवाटपाच्या कागदावर तिचे नाव नसते.

शिवाय २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. आता क्वार्टर बाईच्या नोकरीवरही मिळते. तिथे पाळणाघर आहे का, हेही विचारले पाहिजे.

तेव्हा खर्चाला विरोध नको. वाटपपत्रावर पती-पत्नी दोघांची नावे हवीत, आणि विधवेला व परित्यक्तेला दुसरी सोय होईपर्यंत घर सोडायला लावू नये. झोपडपट्टीतल्या बहिणीसाठीही आपण हेच मागतो, घर द्या आणि ते तिच्या नावावर द्या.